विरळ असतात, पण असतात

“ऋजू, सगळ्या कसोट्यांना उतरली म्हणून संख्या मूळ ठरत नाही गं. काही महालबाड असतात. शिकवलं होतं तुला, विसरलीस वाटतं?”

सुमतीआत्या हे म्हणाली तेव्हा ऋजुता मिरजेला, आत्याच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभी होती. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हातात पेढ्यांच्या डब्याएवढं पांढरं यंत्र. खाली सतरंजीवर तिची लेक पालथी पडून मान उचलायचा खटाटोप करत होती. ऋजुताचा एक डोळा भिंतीतल्या भोकावर होता, दुसरा लेकीच्या नाकावर. नाक सतरंजीत दबलं तर?

“अगं आत्या, फार विरळ असतात त्या. शंभर कोटींच्या आत साडेसहाशेसुद्धा नाहीत.”

“विरळ असतात, पण असतात ना?”

“बरं बाई, असतात. तो स्क्रू दे इकडे.”

आत्याने स्क्रू दिला. मग वाकून तिने बाळाला उचललं. “चला चंदनाबाई, तुमची आई भिंतीला भोकं पाडतेय, आपण गॅलरीत जाऊ,” असं म्हणून ती गेलीसुद्धा. बोलणं तिथेच संपलं. पुढे कितीतरी महिन्यांनी ऋजुता त्या सकाळची वाक्यं एकेक करून आठवत बसली, तेव्हा लबाड संख्यांपेक्षा हे शेवटचं वाक्यच तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

यंत्राचं नाव ‘खुशाली’. ऋजुता ज्या कंपनीत नोकरीला होती, तिनेच ते बनवलेलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात कॅमेरे लावायला एव्हाना कायद्याने बंदी आली होती, आणि ते योग्यच होतं. आपण दात काढून ठेवतानाही कुणीतरी बघतंय, हे कुणाला आवडेल? खुशाली बघत नसे. ती नुसती विचारत असे. हजारो प्रश्नांच्या साठ्यातून रोज कुठलेही वीस. आज काय शिजवलं, कालची बातमी कोणती, गुडघा काय म्हणतो. उत्तरापेक्षा ते कसं आलं याकडे तिचं लक्ष. आवाज थरथरला का, श्वास लागला का, शब्द शोधावा लागला का. सगळं जोखून झालं की नातेवाइकाच्या फोनवर एक ठिपका उमटे. हिरवा, नाहीतर लाल.

ही कल्पना सरळ अंकगणितातून उचललेली होती. एखादी मोठी संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही ना, हे ठरवायचं तर सरळ मार्ग म्हणजे भागून बघत बसणं. पण संख्या शेकडो अंकी असली तर त्याला जन्म पुरत नाही. म्हणून भागायचं नाही, प्रश्न विचारायचा. कुठलीही एक लहान संख्या घ्यायची, तिचा ठरावीक घात करायचा, त्याला मोठ्या संख्येने भागायचं आणि बाकी बघायची. संख्या मूळ असेल तर बाकी हमखास एक उरते. दुसरं काही उरलं की चोरी पकडली. ही संख्या अखंड नाही, आतून तुकड्यांची बनलेली आहे. ज्या लहान संख्येने चोरी पकडली, तिला म्हणायचं साक्षीदार. तुकड्यांची बनलेली संख्या एखाद्या प्रश्नातून निसटू शकते, पण सहसा निम्मे तरी प्रश्न तिला पकडणारे असतात. लागोपाठ वीस प्रश्नांतून निसटायची शक्यता दहा लाखांत एक.

माणसाचंही तसंच, असं कंपनीचं म्हणणं. आत काही मोडलं असेल तर वीस प्रश्नांत कुठेतरी बाहेर येणारच.

त्या लबाड संख्या तेवढ्या याला अपवाद. आतून तुकड्यांच्या, पण कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर अगदी मूळ संख्येसारखं. त्या सापडतात फक्त एका प्रकारे: विचारलेल्या संख्येत त्यांचाच एखादा तुकडा दडलेला असेल तर. नाहीतर विचारत बसा. गणितज्ञांनी त्यांच्यासाठी पुढे अधिक कडक कसोट्या काढल्या, हे ऋजुताला ठाऊक होतं. पण खुशालीत ती जुनी, सोपी कसोटी एका गमतीपुरतीच ठेवली होती. यंत्र घरात आलं की मालकाने त्याला एक मोठी मूळ संख्या सांगायची, ती त्याची खूणसंख्या. बहुतेक लोक बटण दाबून यंत्राचीच एखादी घेत.

सुमतीआत्याने घेतली नाही. कॉलेजात पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई ती. यंत्रासमोर उभी राहून तिने एकेक अंक सावकाश उच्चारला. अकरा कोटी एकोणनव्वद लाख एक हजार पाचशे एकवीस.

“मूळ संख्या,” यंत्र म्हणालं. “छान निवड, सुमतीताई.”

आत्याने ऋजुताकडे बघितलं. “तू नाही बघणार?”

“यंत्राने बघितली की,” ऋजुता म्हणाली, कारण तेवढ्यात बाळाचा लंगोट ओला झाला होता.

खरं तर ही संख्या म्हणजे या दोघींचं जुनं खातं होतं. ऋजुताची आई गेली तेव्हा ऋजुता आठ वर्षांची होती, वडील नोकरीला मस्कतला. आत्याने तिला आपल्याकडे आणलं ते कायमचंच. रडणाऱ्या मुलीला काय समजवायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने तिला संख्या दिल्या. दर वाढदिवसाला फळ्यावर एक मोठी संख्या लिहिलेली असे. मूळ की संयुक्त? उत्तर सिद्ध केल्याशिवाय खिरीची वाटी मिळत नसे. ऋजुता रडायची, चिडायची, भागाकार करायची, आणि भागाकार करता करता आईला थोडा वेळ विसरायची.

*

ठिपका हिरवा येत राहिला.

ऋजुता नाशकात, आत्या मिरजेत. पोर साडेसात महिन्यांत झालेली, पहिले कितीतरी दिवस काचेच्या पेटीत काढलेली. त्यामुळे काळजी ऋजुताकडे काही कमी नव्हती, पण ती सगळी एका पाळण्याभोवती फिरत होती. श्वास मोजणारी गादी, वजनाचा तक्ता, शी हिरवी का झाली याचा फोनवर शोध. तिचा नवरा प्रणीत म्हणायचा, “तुझ्या डोळ्यांना सुट्टी दे जरा. पोरगी शिंकली तरी तू मिनिटं टिपून ठेवतेस.”

“तू नव्हतास त्या पेटीपाशी रात्रंदिवस.”

“होतो की!”

“झोपला होतास.”

सकाळी हिरवा ठिपका आला, की आत्याच्या बाजूचं दार बंद करून ती पाळण्याकडे वळायची.

आत्याची उत्तरं तर ऑफिसात गाजत होती. ती तिच्या परवानगीने सगळ्यांना वाचायला मिळत. ‘काल काय जेवलात, सुमतीताई?’ ‘का, उरलंसुरलं पाठवू तुला?’ ‘आज कोणता वार?’ ‘वर्गात मी विचारायचे हे. तूच सांग बघू.’ ‘मंगळवार.’ ‘शाब्बास. बस खाली.’ सगळं ऑफिस हसलं होतं. यंत्राने गुण दिले होते, उत्तम. विनोद म्हणजे तल्लख डोकं, हलका सूर म्हणजे ठणठणीत प्रकृती, हा नियम मराठी प्रश्न लिहिणाऱ्या ऋजुतानेच घालून दिला होता.

संध्याकाळी आत्याचा फोन यायचा. फोन बाळाच्या कानाशी धरायचा, मग आत्या पाढे म्हणायची. साधे नव्हेत, पावकी, निमकी, औटकी. तिच्या आजोबांनी तिच्याकडून घोकून घेतलेले, पावाचे, अर्ध्याचे, साडेतिनाचे पाढे. “एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा...” आवाज खणखणीत, कुठे अडखळ नाही. बाळ फोन चाटायचं. “चिमणे, ठकूबाई, राणीसरकार! फोन खायचा नसतो गं, पाढा खा.”

एकदा दिवेलागणीनंतर ऋजुताला फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. आरवाड्यांच्या, म्हणजे आत्याच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर जेवायची रीत नाही. आत्याने जन्मात मोडली नव्हती. लग्नाच्या पंगतीतही ती ऊन असेतो जेवून मोकळी व्हायची.

“आत्या, आत्ता कुकर?”

“उद्याची डाळ गं.”

बरं, उद्याची डाळ.

एकदा खालच्या मजल्यावरच्या नसीमचाचींचा फोन आला. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या सतारी बनतात. “ऋजूबेटा, काही नाही, सहज. म्याडम दूध घेतात, मग अर्ध्या तासानं येऊन म्हणतात, आज दूधवाला आला नाही काय हो? दोनदा झालं.”

ऋजुताने आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, “नासलं होतं. नासलं म्हणायची लाज वाटली, म्हणून आला नाही म्हटलं. चाचीसुद्धा ना, सतारीच्या तारा जुळवायच्या सोडून माझ्या जुळवतात.”

ऋजुता हसली. ठिपका बघितला. हिरवा होता.

*

बाळाचा पहिला वाढदिवस जवळ आला. रविवारी सकाळी ऋजुताने फोन लावला.

“आत्या, यंदापासून संख्या पिल्लूला. माझी रिटायरमेंट. कोणती देतेस?”

“दिलीय की.”

“कधी?”

“तुझ्या पेढ्यांच्या डब्याला. पहिल्याच दिवशी. तू काही बघितली नाहीस.” मग हळूच म्हणाली, “बाकीचं सांडायचं ते सांडू दे, तेवढी धरून ठेवलीय मी.”

ऋजुताला वाटलं, ही आत्याची नेहमीची फिरकी. तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, यंत्राच्या नोंदीतली संख्या त्यावर उतरवली, मांडीवर बाळ, बाळाच्या तोंडात नाचणीची पेज, आणि भागायला बसली. फोन वापरायचा नाही हा खेळाचा नियम. तिनाने नाही. साताने नाही. अकराने, तेराने, सतराने नाही. बाळाने पेन्सिल ओढली, पेज सांडली. प्रणीत म्हणाला, “यंत्र मूळ म्हणालंय ना? मग कशाला?”

“खिरीची वाटी पाहिजे मला.”

जेवणं झाली, बाळ खांद्यावर झोपलं, पान आकड्यांनी भरून गेलं, दुसरं पान काढलं. दोनशे त्रेसष्ट नाही. दोनशे एकोणसत्तर नाही. दोनशे एकाहत्तर.

बाकी शून्य.

ऋजुताने पुन्हा करून बघितलं. मग उत्तर आलं होतं त्यालाच भागत गेली, आणि त्याचेही सरळ दोन तुकडे पडले: पाचशे एकेचाळीस आणि आठशे अकरा. अंगावर काटा आला तो यानंतर. तिन्ही तुकड्यांमधून तिने एकेक वजा केला. दोनशे सत्तर, पाचशे चाळीस, आठशे दहा. पंचेचाळीसची सहापट, बारापट, अठरापट. लबाड संख्या बनवायची ही जुनी कृती आत्यानेच तिला शिकवली होती: एक संख्या घ्यायची, तिच्या सहा, बारा, अठरा पटी करायच्या, प्रत्येकीत एक मिळवायचा, तिन्ही मूळ निघाल्या की त्यांचा गुणाकार कुठल्याही प्रश्नाला हार जात नाही.

“मग यंत्रात गडबड आहे,” प्रणीत म्हणाला. “उद्या ऑफिसात सांग.”

“गडबड नाही रे. यंत्राला फसवायलाच बनवलीय ती. आणि मला सांगितलं होतं तिने तोंडावर.”

“काय सांगितलं होतं?”

ऋजुता एकेक जुळवू लागली. दूध, कुकर, तूच सांग बघू. वर्गात पोराने अडचणीचा प्रश्न विचारला की मास्तर तो परत वर्गावर टाकतात. आत्याच हसत सांगायची, उत्तर येत नसलं की मी असंच करते. पाढे तर लहानपणी घोकलेले. सगळं गेलं तरी ते जाणारे नव्हेत. हजारो प्रश्न होते साठ्यात, त्यांतले कितीतरी ऋजुताच्या हातचे, आणि एकात तरी आत्याचा तुकडा होता का?

तिने खांद्यावरच्या लेकीकडे बघितलं.

बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. प्रणीतला बहीण नाही, म्हणून बारशाला तो मान सुमतीआत्याने घेतला होता. पाळण्याशी वाकून, बाळाच्या कानाशी हात धरून, “कुर्रर्र...” करून तिने नाव सांगितलं होतं. नाव शोधलंही तिनेच. ऋजुताच्या वेळीही तिनेच, तसंच.

ऋजुताने फोनमध्ये साठवलेले संध्याकाळचे सगळे संवाद काढले आणि ऐकत सुटली. चिमणे. ठकूबाई. राणीसरकार. सोनपावली. साळूबाई. शेवटी ती मिरजेच्या त्या सकाळपर्यंत मागे गेली, तेव्हा कुठे गॅलरीकडे जाणाऱ्या चंदनाबाई आठवल्या. त्यानंतर एकदाही नाही.

संध्याकाळचा फोन आला.

“कुठंय माझी ठकूबाई? द्या तिला.”

“देते. आत्या, आधी एक सांग. तिचं नाव काय?”

“हा काय प्रश्न झाला? तूच सांग बघू.”

“नाही. तू सांग.”

“म्हातारीची थट्टा करतेस?”

“आत्या, तूच ठेवलंयस गं.”

पलीकडे खालच्या मजल्यावर कुणीतरी सतारीची एक तार पुन्हा पुन्हा पिळून सुरात आणत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग आत्या बोलली. आवाज तोच, पण त्यातला सगळा खोडकरपणा निथळून गेला होता.

“गेला भाग?”

“गेला. दोनशे एकाहत्तरने.”

“उशीर केलास गं.” रागावून नव्हे. उशिरा आलेल्या पेपरावर लाल पेनाने लिहावं, तसं.

यंत्र भिंतीवर बसायच्या आधीच तिला समजलं होतं. ती एकटीच सांगलीला डॉक्टरकडे जाऊन आली होती. विसरण्याच्या या आजारावर आता औषध होतं. दर पंधरवड्याला पुण्यात शिरेतून द्यायचं, दोन दिवस कुणीतरी जवळ राहायचं. गेलेलं परत येत नाही, पण वेळेवर सुरू केलं तर असलेलं राहतं.

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तेव्हा तू त्या काचेच्या पेटीपाशी बसली होतीस. एका बाईने एका वेळी किती काचा बघायच्या?”

“मग ती संख्या कशाला दिलीस?”

“सांगायचंही नव्हतं मला, आणि कुणीतरी ओळखावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं गं माणसाला. ते काही गणित नव्हे.” मग आत्यानेच विचारलं, “पंचेचाळीस कुठून आले, कळलं?”

“माझी आई गेली, तेव्हाचं तुझं वय.”

“हं. आणि मिळवलेला एक?”

“मी,” ऋजुता म्हणाली. तिने फोन घट्ट धरला होता आणि बाळ तो सोडवून घ्यायला बघत होतं.

“नाव सांगू नकोस आत्ता,” आत्या म्हणाली. “इथे येऊन सांग. समोर सांगितलेलं जरा जास्त टिकतं.”

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते निघाले. वाटेत साताऱ्याच्या पुढे फोनवर ठिपका उमटला. हिरवा. ऋजुताने फोन पालथा घातला.

जिन्यात नसीमचाची उभ्या होत्या. त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ऋजुताकडे न बघता म्हणाल्या, “मी अजून बोलायला पाहिजे होतं बेटा. पण म्याडम इतक्या हुशार, मला वाटलं माझंच काही चुकतंय.”

“मलाही तसंच वाटलं, चाची.”

दार आत्यानेच उघडलं. इस्त्रीची सुती साडी, चापूनचोपून घेतलेल्या निऱ्या, चष्मा स्वच्छ पुसलेला. प्रणीतच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. ऋजुताच्याही दिसलं असतं, पण आत्याने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. ऋजू झोपलीय आत.”

मग ऋजुताकडे बघून ती हसत बाजूला झाली.

“या ना वहिनी, दारात काय उभ्या? आजच सोडलं का दवाखान्यातून? दादाने कळवलंसुद्धा नाही. पोर सारखी विचारते तुम्हाला. मी तिला सांगितलंय, आई येईपर्यंत एवढा भागाकार करून ठेव.”

ऋजुताच्या आईचा चेहरा ऋजुताला लाभला होता, हे सगळे म्हणत. आज तो तिच्यापुढे असा उभा राहील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आत्या रागावली नव्हती, घाबरली नव्हती. उलट तिला इतका आनंद झाला होता की तो मोडायला जीभ उचलेना. आईला परत आलेली बघून कुणीतरी इतकं सुखावलंय, हे दृश्य ऋजुता आठ वर्षांची असल्यापासून बघायला बसली होती.

भिंतीवरून यंत्र म्हणालं, “सुमतीताई, आज घरी पाहुणे आलेत वाटतं?”

“आलेत तर,” आत्या म्हणाली. “तुझ्यासारखे फुकटे नाहीत हं, हक्काचे आलेत.”

यंत्राला उत्तर आवडलं असणार.

मग आत्याचं लक्ष बाळाकडे गेलं. “अगं बाई! आणि हे कोण? किती गोड आहे. हिचं नाव काय?”

रात्रभर ऋजुताने ते नाव तोंडात धरून आणलं होतं. समोर सांगायचं, सावकाश, चंदना, तूच ठेवलेलं. प्रणीतने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती बोलायला गेली आणि बोलली भलतंच. तिची आई ज्या हाकेने या बाईला बोलवायची, ती हाक तिच्या तोंडून आली.

“वन्सं, नाव तुम्हीच ठेवायचं ना? तुमचा मान आहे.”

आत्याचा चेहरा उजळला. तिने बाळाला घेतलं, पारखून बघितलं, खिडकीपाशी उजेडात नेलं. मग अगदी रीतीप्रमाणे त्याच्या कानाशी हाताचा आडोसा केला.

“कुर्रर्र...” आणि हलकेच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “ऋजुता.”

बाळ खुदकन हसलं. गुदगुल्या झाल्या असतील.

*

डॉक्टरांनी कागद चाळले. औषध सुरू करू, म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, “सात-आठ महिने आधी आला असतात, तर घरातल्या माणसांची नावं तरी राहिली असती.” ते चांगले गृहस्थ होते; दुखवायला म्हणाले नाहीत.

आत्या आता नाशकात असते. कधी ती वहिनीला भेटायला आलेली असते, कधी कॉलेजात तासाला निघालेली. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जेवून, ती चंदनाला मांडीवर घेऊन औटकी म्हणते, कुठेही न अडखळता. तेव्हा बाहेरून कुणी ऐकलं तर म्हणेल, काय खणखणीत म्हातारी आहे! ऋजुता दाराशी उभी राहून ऐकते. घरातला वाढदिवस झाला, खीर झाली, संख्या कुणी दिली नाही.

मिरजेच्या भिंतीवरचं यंत्र तिने उतरवलं. कंपनीत ती अजून प्रश्न लिहिते. यंत्रात आता कडक कसोटी घातलीय आणि विनोदाचे गुण काढून टाकलेत. लोक विचारतात, आता तरी कुणी निसटणार नाही ना? ती म्हणते, कमी निसटतील. कारण जो प्रश्न विचारायला हवा, तो कुठल्याच साठ्यात नसतो. तो एखाद्याच माणसाकडे असतो, आणि ते माणूस बहुतेक वेळा आपल्या कामात असतं.

म्हणून ती भेटेल त्याला एक गळ घालते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही घालतेय. तुमच्या ओळखीत कुणीतरी असेल, एकटं राहणारं, फोनवर पटकन हसवणारं, ‘माझं छान चाललंय, तुझं सांग’ म्हणून विषय तुमच्यावर परतवणारं. आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर जो चेहरा आला, तोच. फोन करू नका, फोनवर ते बरेच असतील. त्यांच्या घरी जा. समोर बसा. आणि त्यांनीच कधीकाळी तुम्हाला दिलेलं काहीतरी, एखादं नाव, एखादी गोष्ट, त्यांना विचारून बघा. आजच जाता का?